घरात एकाचा गहू अन् दूध बंद झालं तर अख्ख्या घराने काय करायचं

सगळ्यात आधी उलटंच सांगतो. डॉक्टरने नुसती शंका काढली किंवा मोबाईलवर काही वाचलं म्हणून उद्यापासून गहू बंद करू नका. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतडं खराब होतं तो आजार, आहे की नाही हे पाहायची रक्ताची तपासणी असते, टीटीजी-आयजीए म्हणतात तिला, अन् ती पोटात गहू जात असतानाच बरोबर येते. महिना-दोन महिने गहू सोडून मग रक्त दिलं तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो अन् मग धड आजारी नाही धड बरं नाही असं लटकून राहता. रक्तात निघालं की बहुतेक वेळा दुर्बीण टाकून लहान आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात. ते सगळं होऊ द्या, कागद हातात येऊ द्या, मग सोडा गहू. हे पथ्य जन्माचं आहे, जन्माचं पथ्य अंदाजावर कोणी धरत नाही.

आमच्या पोरीची दोन वर्षं टॉनिक अन् जंताच्या गोळ्यांवर गेली. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, रक्त कायम कमी, वर्गात सगळ्यात बुटकी. तालुक्याच्या एका दवाखान्यात तर "पोरीले नीट खाऊ घालत जा" म्हणून आम्हालाच झापलं, अन् आम्ही शहाण्यासारखे घरी येऊन तिला रोज अजून एक पोळी दुधात कुस्करून देऊ लागलो. नागपूरला तपासणी झाली तेव्हा ती आठ वर्षांची होती, आता दीड वर्ष होऊन गेलं. मी काही डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यात कापूस-तूर करणारा माणूस आहे, औषधाचं तुमच्या डॉक्टरला विचारा. मी घरचं सांगतो, चुलीजवळचं, जे दवाखान्यात पाच मिनिटांत कोणी सांगत नाही.

काय बंद अन् किती कडक

ग्लुटेन म्हणजे काय हे मला घरीच समजलं. कणकेचा गोळा घ्या अन् बारीक धारेखाली धुवत राहा, पांढरं पाणी निघून जातं अन् हातात शेवटी रबरासारखा चिवट लगदा उरतो, तेच ते. पोळी लाटता येते, ताणली तरी फाटत नाही ती त्याच्यामुळं. हे गव्हात असतं, जवात असतं अन् राय नावाच्या धान्यात असतं जे आपल्याकडं येतच नाही. सिलिअ‍ॅकमधे हे पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्याशी भांडतं, आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झडते अन् मग खाल्लेलं अंगी लागत नाही. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, भगर, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, यात ते नसतं. ओट्सचं मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय काही करू नका, गव्हाच्या मशीनवरच निघतात बहुतेक अन् काहींना शुद्ध असले तरी सोसत नाहीत.

दुधाचं प्रकरण वेगळं आहे अन् इथं लोकांचा फार घोळ होतो. आमच्या पोरीचं दूध बंद केलं कारण आतड्याची लव झडली की दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारा रस तिथं तयार होत नाही. म्हणजे दुधाचा त्रास हा गव्हाच्या त्रासाचा धाकटा भाऊ, आतडं भरून आलं की बऱ्याच जणांचा तो कमी होतो. यात किती पोटात गेलं त्याला महत्त्व आहे, चमचाभर तुपाने काही बिघडत नाही. पण कोणाला दुधाच्या प्रोटीनचीच अ‍ॅलर्जी असेल, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो, तर त्याला तूपसुद्धा नाही अन् दुधाचा चमचासुद्धा वेगळा. डॉक्टरला सरळ विचारून घ्या, लॅक्टोजचं आहे की अ‍ॅलर्जीचं. आम्ही पहिल्या फेरीत हे विचारलंच नाही, त्यासाठी परत बसचं तिकीट काढून नागपूर केलं.

गव्हाला मात्र किती-बिती काही नाही. पोळीचा चुरा भाजीत पडला तरी आतडं खराब होऊ शकतं, पोट दुखो की न दुखो. म्हणजे गहू शिवाशिवीसारखा पाळायचा अन् दूध (लॅक्टोज असेल तर) पोटात किती जाते ते पाहून. हा फरक डोक्यात बसला की निम्मी दमछाक वाचते.

वेगळं ताट नाही

पहिला महिना आम्ही तेच केलं जे सगळे करतात. घराला पोळ्या, पोरीला भाकर. एकाच ओट्यावर, एकच बाई, आधी भाकर मग पोळ्या. काय झालं, एक तर बायकोचं काम दुप्पट, दुसरं पीठ उडतं, कणकेचं पीठ असं हलकं असतं की चाळून झाल्यावर पाण्याच्या गुंडावर सुद्धा बोट फिरवलं तर पांढरं लागतं. अन् तिसरं म्हणजे पोरगी. सगळे पोळी मोडून राहिले अन् ही एकटी भाकर घेऊन. एक दिवस तिने मोठ्या भावाच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला अन् आमच्याकडं पाहत चावत बसली. रागावलो मी. मग रात्री आम्हालाच वाईट वाटलं, त्या लेकराने करायचं काय होतं?

तर ठरलं की गहू घराच्या बाहेर. भांडण झालं नाही असं नाही. आमचे बाबा बहात्तरचे, त्यांना गरम पोळी पाह्यजे, अन् गंमत म्हणजे हेच बाबा सांगत असतात की आमच्या लहानपणी पोळी फक्त सणाला अन् पाहुणा आला तर, रोज भाकरच. मी ते त्यांना ऐकवलं तर म्हणे, "म्हणूनच तर आता खातो ना बे." यावर मला काही बोलता आलं नाही. शेवटी तोड अशी निघाली की शेजारी चुलतभावाचं घर आहे, रेशनचा गहू तिकडं जातो अन् बाबा आठवड्यात दोन-तीनदा तिकडंच जेवतात, येताना हात-तोंड धुऊन येतात. तुमच्या घरी असा एखादा म्हातारा असेलच, त्याच्याशी लढू नका, त्याची सोय करा. बाकी पोरं लवकर वळतात.

पहिला रविवार: धुणं

कामाचा दिवस ठरवा, घरचे सगळे असले पाह्यजे. आधी गहू, रवा, मैदा, शेवया, सरगुंडे, चिकाच्या कुरडया, भाजणी, सातूचं पीठ हे सगळं बाहेर काढा. सातू विसरू नका, उन्हाळ्यात थंड म्हणून लेकरांना पाजतो आपण अन् ते गहू-हरभऱ्याचंच असते. मेतकुटातही गहू भाजून टाकतात. मग डबे, कोनाडे, ओटा, सगळं ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, झाडूने पीठ उडून परत बसतं.

स्टीलची अन् पितळेची भांडी राखेने नाहीतर साबणाने नीट घासली की चालतात. परातीच्या काठाची जी गुंडाळी असते तिच्या आत वाळलेली कणीक बसलेली असते, आम्ही खिळ्याने खरडली तर वर्षांची निघाली. लोखंडी तवा विटकरीने घासून चुलीवर लाल होईपर्यंत तापवला. पण लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी, टोपलं अन् सुपडं हे धुऊन साफ होत नाही, जाळीत अन् भेगांत पीठ राहतंच. ते सरळ देऊन टाका. आमची चाळणी सासूबाईंनी बायकोला दिलेली होती, ती चुलतभावाच्या घरी गेली, म्हणजे फार लांब नाही गेली.

मिठाचा अन् तिखटाचा डबाही पाहा. कणकेचा हात मिठात जातो, रोज जातो. आम्ही मीठ, तिखट, हळद सगळं नवीन भरलं.

दळण, जिथं सगळ्यांचं अडतं

ज्वारी शुद्ध आणली अन् गावच्या चक्कीवर नेली तर झालं सगळं पाण्यात. चक्कीच्या दगडात अन् पेटीत आधीच्या गिऱ्हाइकाचं किलो-अर्धा किलो पीठ अडकलेलं असतं, तुम्ही ज्वारी टाकली की ते गव्हाचं पीठ आधी तुमच्या डब्यात. चक्कीवाला भला माणूस होता, म्हणाला सकाळी पहिला नंबर तुमचा लावतो, आधी दोन किलो ज्वारी फुकट फिरवून टाकतो. तसं चार महिने केलं. पण सहा महिन्यांनी रक्त तपासलं तर आकडा उतरायला पाह्यजे तितका उतरला नव्हता, अन् डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, दळता कुठं?

मग दोनच रस्ते. एक घरचं जातं. आमच्याकडं आईचं होतं, गोठ्यात पडलेलं, त्याच्यावर फक्त डाळ भरडायचे म्हणून ते चाललं, टाकी लावून घेतलं, धुतलं, वाळवलं. जात्यावर सहा जणांचं पीठ रोज निघत नाही हे मी दोन दिवसांत कबूल केलं, तेही स्वतः बसलो म्हणून, नाहीतर कबूल केलं नसतं. दुसरा रस्ता घरघंटी. कापसाचे पैसे आले तेव्हा घेतली. नवीनच घ्या, किंवा जुनी घ्यायची असेल तर गहू दळलेली नको, अन् एकदा घरात आली की तिच्यात कोणी "थोडेसेच" गहू टाकणार नाही हे सगळ्यांना सांगून ठेवा. लाईट नसते त्याचा हिशोब ठेवून चार-पाच दिवसांचं पीठ पुढं असू द्या.

ज्वारी घेतानाही पाहा. ज्या खळ्यात, ज्या थ्रेशरमधून गहू निघाला त्याच्यातूनच ज्वारी निघाली तर दाणे मिसळतातच. ताटात पसरून निवडा, गव्हाचा दाणा लांबट अन् मधे चीर असलेला, ज्वारी गोल, ओळखू येतो. धुऊन वाळवून मग दळा. आम्ही आता एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची एकदम घेतो कारण आमच्या भागात ज्वारी पेरणारे बोटावर मोजण्याइतके राहिले. सोयाबीन आलं तशी ज्वारी गेली, अन् जी राहिली ती पाखरं अन् रानडुकरं ठेवत नाहीत. दोन हंगामांपासून मी अर्धा एकर पेरतो, हुरड्यात आली की रोज रात्री जागल करावी लागते, पण दाणा कोणत्या मशीनमधून गेला ते तरी माहीत असतं.

भाकर, अन् ती कोण थापेल

हे जरा सविस्तर सांगतो कारण माझं मत आहे की ज्या घरात एकटी बाईच भाकरी थापते तिथं हे पथ्य वर्षभर टिकत नाही. सहा माणसं, दोन वेळ, माणशी दोन म्हटल्या तरी चोवीस भाकरी. पोळी लाटून ठेवता येते, भाकर एकेक थापून एकेक शेकावी लागते. बायकोचं मनगट दुखायला लागलं तेव्हा मी अन् मोठा पोरगा शिकलो. आता संध्याकाळच्या भाकरी आम्हा दोघांच्या.

पीठ ताजं पाह्यजे. आठ-दहा दिवसांवर गेलं की पिठाची विरी जाते, मग काही केलं तरी भाकर थापताना फुटते. ज्वारीत तो चिवटपणा नाहीच म्हणून बांधून ठेवायचं काम गरम पाणी करतं. पातेल्यात पाणी उकळा, मीठ टाका, गॅस बंद करून पीठ टाका, उलथण्याने हलवून झाकण ठेवा, पाच-दहा मिनिटं. मग परातीत काढून एका भाकरीपुरता गोळा घ्या अन् तळहाताच्या खालच्या भागाने दाबून दाबून मळा, लोणी होईस्तोवर. इथं आळस केला की संपलं. खाली कोरडं पीठ भुरभुरवा, मधून कडेकडे थापत फिरवा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आली पाह्यजे, लगेच वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा, नीट शेकली की तिसऱ्यांदा विस्तवावर नाहीतर गॅसच्या जाळावर, फुगते.

माझ्या पहिल्या पंधरा दिवसांच्या भाकरीला मे महिन्यातल्या काळ्या वावरासारख्या भेगा पडायच्या. पोरगी म्हणायची, "बाबा, यात सरकी पेरता येते." खाल्ल्या पण सगळ्यांनी. प्लॅस्टिकवर थापा सुरुवातीला, नवीन माणसाला सोपं जातं, आई नाकं मुरडते पण जातं.

डब्यासाठी भाकर दुपारपर्यंत कडक होते. शाळेच्या डब्याला धिरडी करा, ज्वारीचं पीठ, थोडं घरचं बेसन, कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिरवी मिरची, ओवा. थंड झाली तरी खाता येतात. किंवा भातच.

मग खायचं काय

लोक विचारतात तेव्हा मला हसू येतं. झुणका, ठेचा, वांग्याचं भरीत, आंबाडीची भाजी, पाटोडीचा रस्सा, गोळाभात, वडाभात, ज्वारीच्या कण्या, मुगाची खिचडी, पोहे, धापोडे, जवसाची चटणी. यात गहू कुठं आहे? आपल्याकडचं निम्मं जेवण आधीच चालणारं आहे, फक्त पोळी काढली की आपल्याला ताट रिकामं वाटतं. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या लोकांना तर अजून सोपं, तिकडं भातच खातात. तांदूळ आम्ही एचएमटी घेतो, तोच जो चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या बांधीत लोंब्या निवडून निवडून तयार केला. त्याचं पीठ घरघंटीवर काढून उकड, घावन, शेव सगळं होतं.

जे गेलं ते गेलं, हेही सांगतो. वरणफळं गेली. पानगे-रोडगे गेले, मी ज्वारीचे रोडगे करून पाहिले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात टाकले अन् राखेत त्यांचा चुरा शोधत बसलो. शहरात मॉलमधे ग्लुटेन-फ्री आटा मिळतो, भाव पाहून पाकीट परत ठेवलं. त्याच्यासारखं करायच्या नादात खर्च अन् निराशा दोन्ही, त्यापेक्षा भाकर बरी.

बेसन मात्र बाजारचं घेऊ नका, डाळ आणा अन् घरी दळा. सुट्या बेसनात काय काय असतं ते दुकानदारालाही माहीत नसते.

हिंगाची डबी

घर धुतलं, गहू गेला, चाळणी गेली अन् तरी दीड महिना झाल्यावर पोरीचं पोट परत दुखू लागलं. अधूनमधून, वरण खाल्लं की जास्त. आम्ही डाळीवर संशय घेतला, तूर बंद, मूग सुरू, तरी तेच. मग मोठ्या पोराने एक दिवस फोडणीच्या डब्यातलं सगळं ओळीने मांडलं अन् एकेका पाकिटाचा फोटो काढून मोबाईलवर मोठं करून वाचायला बसला. मोहरी, जिरे, हळद झालं. हिंगाच्या पिवळ्या डबीच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, गव्हाचं पीठ. बांधणी हिंग म्हणजे हिंगाचा डिंक पिठात बांधलेला असतो अन् पीठ बहुतेक गव्हाचंच. रोजच्या वरणात आम्ही चिमूट चिमूट गहू घालत होतो.

आता खडा हिंग आणतो, महाग आहे पण वाटाण्याएवढा खडा महिनाभर पुरतो. तांदळाच्या पिठात बांधलेलाही मिळतो, पाकीट वाचून घ्या. हिंग कळला की पापड, लोणचं, चिवडा, फरसाण, सांबार मसाला हे सगळं परत तपासावं लागतं, कारण त्या सगळ्यात हिंग. लोणची घरी घाला.

पाकीट वाचायची सवय लेकरांनाच लावा, त्यांचे डोळे चांगले. घटकांच्या यादीखाली 'कंटेन्स' म्हणून लिहितात, तिथं व्हीट किंवा बार्ली दिसलं की ठेवून द्या. माल्ट म्हणजे जव, दुधात टाकायच्या पावडरीत अन् कॉर्नफ्लेक्समधे असतं. सोया सॉसमधेही बहुतेक गहू असतो. दुधासाठी मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन हे शब्द पाहा. 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं असेल तर आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे खाण्याच्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाने किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं, म्हणून तो शब्द छापलेला असेल तर त्याला अर्थ आहे, पण पाकिटावर गव्हाचं नावच नाही म्हणजे चालेल असं धरू नका. औषधाच्या गोळ्यांचंही दुकानदाराला विचारा, गोळी बांधायला स्टार्च वापरतात.

हॉटेलात भजी खाऊ नका. बेसनाची असली तरी त्याच कढईत समोसे-कचोरी तळलेली असते.

दूध

आमच्या घरी गाय आहे, दूध डेअरीला जातं, आईचा चहा दुधाचाच आहे अन् ते ठेवलंय आम्ही. लॅक्टोजसाठी घरातून दूध हाकलायची गरज नाही. बाकीच्यांनी कोरा चहा धरला, अद्रक अन् गवती चहा टाकून, आठ दिवस तोंड वाकडं झालं मग दुधाचाच चहा जड वाटायला लागला.

खरी काळजी कॅल्शियमची. पोरीची हाडं आधीच कमजोर. गाईच्या 100 ग्रॅम दुधात साधारण 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं तर 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणून आपल्याकडं फारशी खात नसले तरी नाचणी आणा अन् तिची आंबील करा. तीळ, शेवग्याची पानं, राजगिरा हे रोज काही ना काही. शेवगा प्रत्येक बांधावर आहे अन् आपण फक्त शेंगा खातो, पानं जनावराला. पानाची मुगाच्या डाळीत सुकी भाजी करा. याच्यावर डॉक्टरने कॅल्शियम अन् व्हिटॅमिन डी लिहून दिलं असेल तर ते बंद करू नका, शेवग्याच्या भरवशावर तर नाहीच.

ताकाची कढी गेली तर चिंचेचं सार करा, आंबाडीची आंबट भाजी आहेच. आंबील ताकाशिवाय होते, ज्वारीचं पीठ रात्री पाण्यात भिजवून ठेवलं की सकाळपर्यंत आंबट होतं, मग शिजवून लसणाची फोडणी. शेंगदाणे भिजवून वाटून गाळलं की दूध निघतं, गुळाच्या खिरीत चालतं, चहात फाटतं. त्याचं दही लावायला मिरचीचे देठ टाकतात, आमचं दोनदा जमलं अन् चारदा बिघडलं, तुम्हाला जमलं तर सांगा.

दहा महिन्यांनी डॉक्टरने दही चमचाभर देऊन पाहायला सांगितलं. दही सोसलं. मग अर्धा कप दूध दिलं तर पोट नगाऱ्यासारखं. म्हणून सध्या दही थोडं, तूप चालू, दूध नाही.

पथ्य म्हणा, अ‍ॅलर्जी म्हणू नका

हे आईचं डोकं. सुरुवातीला आम्ही नातेवाइकांना ग्लुटेन, सिलिअ‍ॅक असं समजावत बसायचो अन् पुढचा माणूस मान हलवून म्हणायचा, "असं होय? मंग एखादी पुरी दे, थोडीशानं काय होते." आईने एका लग्नात नुसतं सांगितलं, "तिले पथ्य आहे." बस. आपल्याकडं पथ्य मोडायला कोणी सांगत नाही, उपास मोडायलाही नाही. उपासावरून आठवलं, एकादशीचं सगळं जेवण चालते तिला, भगर, साबुदाणा, शिंगाडा, राजगिरा, पण फराळाचं पीठ घरीच दळायचं. पाहुण्याच्या घरी अचानक जेवायची वेळ आली तर उपासाचं मागा, सगळ्यात सोपं. फक्त एक मावशी दर महिन्याला फोन करून विचारते, "सुटलं का वं पथ्य?" तिला आता जन्माचं पथ्य असं सांगितलंय.

लग्नात पंगतीचं जेवण पोरीला नाहीच. जिलेबी मैद्याची, भाजी ज्या पळीने वाढतात ती कशाकशात जाऊन येते, साध्या भातावरही पोळी वाढणाऱ्याच्या हातचं पीठ पडतं. घरून डबा न्या, भूक लागायच्या आधी काढा, अन् घरातला एक माणूस तिच्यासोबत तोच डबा खाईल असं पाहा, आम्ही पाळी लावली आहे. देवळातल्या शिऱ्याच्या प्रसादाचं आईला जड गेलं. आता ती हात पुढं करून घेते, कपाळाला लावते अन् बाबांना देते, पोरीला खोबऱ्याचा तुकडा.

सणात संक्रांत सगळ्यात सोपी, तीळ-गूळ. दिवाळीला घरच्या बेसनाचे लाडू, तांदळाची चकली, चिरोटे-शंकरपाळे नाहीत. पोळ्याला अडलं होतं. बैलाला पुरणपोळी द्यावीच लागते अन् घरात कणीक नाही. बैलाची पोळी चुलतभावाच्या घरून आली, अंगणातच चारली, पोरीने ओवाळलं पण पोळीला हात मी लावला. आम्ही तांदळाच्या उकडीत पुरण भरून वाफवलं, वर तूप. बरं लागलं, पुरणपोळीसारखं नाही लागलं.

शाळा अन् प्रवास

मास्तरांना तपासणीच्या कागदाची झेरॉक्स द्या अन् खिचडी शिजवणाऱ्या बाईंना स्वतः जाऊन भेटा. खिचडी तांदळाची असली तरी मसाल्यात हिंग आहे का विचारा, बिस्किटं वाटली की हिला शेंगदाण्याची चिक्की, ती बाईंकडंच डब्यात ठेवून द्या. शाळेत पोरं एकमेकांचे डबे खातात हे धरूनच चाला, म्हणून पोरीला स्वतःला "नको, मला पथ्य आहे" म्हणता आलं पाह्यजे. आमची आता म्हणते, जरा जास्तच मिजाशीत म्हणते.

एसटीने जायचं तर मुरमुरे, फुटाणे, केळी, हंगाम असला तर संत्री, अन् धिरड्यांचा डबा.

तपासण्या

टीटीजी सहा महिन्यांनी अन् मग डॉक्टर सांगेल तसं, वर्षातून एकदा तरी. सोबत हिमोग्लोबिन अन् उंची-वजन. आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, आधीच्या दोन वर्षांच्या दोन खुणा एकीवर एक पडल्यासारख्या अन् या दीड वर्षात चार बोटं वर. घरातल्या बाकीच्यांचीही एकदा तपासणी करा, आईबाप अन् भावंडांत साधारण दहातल्या एकाला निघू शकतो, अन् त्रास काहीच नसला तरी निघतो. आम्ही सगळ्यांनी गहू सोडायच्या आधीच रक्त दिलं होतं म्हणून बरं झालं, आमचे रिपोर्ट चांगले आले. तुम्ही अख्ख्या घराचा गहू बंद करणार असाल तर हे आधी करा, नंतर परत गहू खायला लागतो तपासणीसाठी.

अन् जवळपासच्या कोणाकडं असं लेकरू असेल अन् दळणाचं अडलं असेल तर ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून आणा, आमच्या घरघंटीवर दळून देतो. सकाळी सातच्या आत या, मग मी वावरात जातो. पिशवी नवीन आणा, गव्हाची नको.